हलका नको, गुळगुळीत हवा: रिव्हॉल्व्हरच्या ॲक्शनबद्दल थोडं

गेले तीन वीकेंड मी बेसमेंटमध्ये एका जुन्या स्मिथ अँड वेसन मॉडेल 10 रिव्हॉल्व्हरवर काम करत होतो. आठवड्यापूर्वी ते संपलं आणि आज सकाळी रेंजवर जाऊन आलो, म्हणून म्हटलं हाताला अजून तेलाचा वास येतोय तोवर सगळं लिहून काढावं. मी ओहायोत राहतो, मूळचा कोल्हापूरचा. इथे स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची साइडप्लेट (बाजूचं झाकण) उघडून आतलं काम स्वतः करणं कायद्यात बसतं. भारतातून वाचणाऱ्यांना आधीच सांगतो, तिकडे आर्म्स ॲक्ट 1959 खाली शस्त्र दुरुस्त करायलासुद्धा लायसन्स लागतं, तेव्हा तुमच्याकडे कुणाची लायसन्सची .32 असेल तर ती लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्या, हे वाचून स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

आपल्याकडे बंदुकीच्या ट्रिगरला चाप म्हणतात आणि हॅमरला घोडा. डबल ॲक्शन म्हणजे काय, तर एकच चाप ओढायचा, त्यातच घोडा मागे जातो, सिलिंडर फिरतं आणि शेवटी घोडा पडतो, सगळं एका बोटावर. ही कल्पना जुनी आहे, लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सचं सेल्फ कॉकिंग रिव्हॉल्व्हर 1851 चं, त्यात अंगठ्याने घोडा चढवायची सोयच नव्हती. मग 1856 च्या ब्यूमाँट-ॲडम्समध्ये दोन्ही आलं, चाप ओढा नाहीतर घोडा चढवून मग चाप दाबा, आणि 1857 च्या उठावात इंग्रज अफसरांच्या कमरेला ही रिव्हॉल्व्हर होती, म्हणजे आपल्या मातीने हे यंत्र फार लवकर बघितलंय.

आता त्या एका बोटावर किती ओझं असतं ते बघा. माझ्या या मॉडेल 10 चा चाप मी पहिल्यांदा गेजवर मोजला तेव्हा 12¼ पाउंड आला, म्हणजे जवळपास साडेपाच किलो, आणि अख्ख्या रिव्हॉल्व्हरचं वजन एक किलोसुद्धा भरत नाही. म्हणजे किलोभराची वस्तू हातात स्थिर धरायची आणि तिच्यावरच पाचपट जोराने बोट ओढायचं आणि तेवढ्या वेळात पुढची साइट हलू द्यायची नाही. म्हणून लोक ॲक्शन जॉबच्या, म्हणजे आतले पार्ट नितळ करून चाप सुधारायच्या मागे लागतात आणि म्हणूनच बहुतेक जण पहिली चूक करतात, ती म्हणजे वजनाच्या मागे लागतात. मीही तेच केलं होतं.

2018 ची गोष्ट. माझ्याकडे तेव्हा स्मिथचं 686 रिव्हॉल्व्हर होतं, चांगलं जडशीळ सहा गोळ्यांचं .357, आणि मी नुकताच रिव्हॉल्व्हरच्या मॅचेसना जायला लागलो होतो. ऑनलाईन बघून एक हलक्या स्प्रिंगांचा सेट मागवला, मेनस्प्रिंग (घोडा जोराने पाडणारी) बदलली, रिबाउंडची (चाप परत पुढे आणणारी) सगळ्यात हलकी घातली, वर मेनस्प्रिंगला ताण देणारा स्ट्रेन स्क्रूही एक आटा ढिला केला, गेजवर 6 पाउंडाच्या खाली आकडा आला आणि मी खूश. शनिवारी मॅचला गेलो, पहिल्या स्टेजला तिसऱ्या गोळीला नुसतं क्लिक. पुढची उडाली, मग परत क्लिक. तीन स्टेजमध्ये सात वेळा. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, बारीकसा खड्डा पडलेला, पण काडतूस पेटलेलं नाही. एक तर घोड्याला जोरच उरला नव्हता, दुसरं म्हणजे मी वापरत होतो ते प्रायमर जरा कडक होते, आणि तिसरं, स्ट्रेन स्क्रू रिकॉइलने अजून ढिला होत चालला होता. त्याहून वाईट म्हणजे रिबाउंड स्प्रिंग इतकी हलकी की चाप पुढे यायला वेळ लावत होता, माझं बोट त्याच्या आधीच परत ओढायला निघायचं आणि मग काहीच घडायचं नाही, चाप मधेच अडकल्यासारखा. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी फार अस्वस्थ होतो. मॅच गेली त्याचं काही नाही, पण हीच गन रात्री माझ्या घरातल्या सेफमध्ये असते, बायको-मुलांच्या भरवशाची म्हणून, आणि मी ती स्वतःच्या हाताने बेभरवशाची करून ठेवली होती.

त्याच आठवड्यात आप्पांशी फोनवर बोलणं झालं. आप्पा म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीत टूलरूमला फिटर, 34 वर्षं. त्यांनी आयुष्यात रिव्हॉल्व्हर हातात धरलेलं नाही, पण मी व्हिडिओ कॉलवर साइडप्लेट काढून आतलं सगळं दाखवलं, कुठला पार्ट कुठे घासतो ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प बघत होते आणि मग म्हणाले, "आरं, तू स्प्रिंगा बदलल्यास, पण घासतंय कुठं ते बघितलंस का? आधी घासणं काढ, मग स्प्रिंगंला हात लाव. आणि लय काढू नगंस, काढलेलं परत चिकटत न्हाई." मी आधी जेवढे लेख वाचले होते त्यात हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

तर आत काय चालतं ते थोडक्यात, स्मिथचं सांगतो कारण माझा हात त्यावर बसलाय. चाप ओढला की त्याचं नाक घोड्याच्या पुढच्या बाजूला बिजागरीवर बसवलेल्या एका छोट्या तुकड्याला, सिअरला, वर उचलतं आणि घोडा मागे जायला लागतो. साधारण अर्ध्या वाटेत ते ओझं सिअरवरून घोड्याच्या स्वतःच्या पायावर जातं, चांगल्या ॲक्शनमध्ये हा बदल बोटाला कळत नाही, वाईटात तिथे पायरी लागते. त्याच वेळी चापाला जोडलेला हँड वर चढून सिलिंडरच्या मागच्या रॅचेटला ढकलतो, सहा गोळ्यांच्या सिलिंडरला दर वेळी 60 अंश. चापाचा पुढचा भाग सिलिंडर स्टॉप खाली ओढून सोडतो, तो सिलिंडरवर घासत पुढच्या खाचेत टक्कन बसतो. आणि हे सगळं होताना चाप मागे एका चौकोनी ठोकळ्याला, रिबाउंड स्लाइडला, ढकलत असतो, ज्याच्या पोटात कॉइल स्प्रिंग असते आणि जो फ्रेमच्या तळावर घासत मागे जातो. बोट सोडलं की हाच ठोकळा चाप पुढे आणतो. म्हणजे बोट दोन स्प्रिंगांशी लढतंय, मेनस्प्रिंग आणि रिबाउंड, आणि शिवाय पाच-सहा ठिकाणच्या घर्षणाशी. स्प्रिंग हवीच, ती तिचं काम करते. घर्षण कुणाच्याच कामाचं नाही. सगळं ॲक्शन जॉब मला आता या दोन वाक्यांत दिसतं.

आता हे मॉडेल 10. पोलीस डिपार्टमेंटने काढून टाकलेलं जुनं, 4 इंची बॅरलचं. अशी खूप आली बाजारात, अमेरिकन पोलीस 1980-90 च्या काळात ऑटोमॅटिक पिस्तुलांवर गेले तेव्हापासून. बाहेरून होल्स्टरने घासून ब्लूइंग (वरचा निळसर-काळा थर) उडालेलं, आतून फारसं वापरलेलं नाही, पोलिसाचं रिव्हॉल्व्हर कमरेला वर्षानुवर्षं लटकतं आणि वर्षातून एक-दोनदा झाडलं जातं. सिलिंडर उघडलं, सहाही घरं डोळ्याने बघितली, बोटाने चाचपली, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवल्या, दरवाजा लावला. हे मी दर वेळी करतो, पाच मिनिटं उठून पाणी प्यायला गेलो तरी परत आल्यावर करतो.

साइडप्लेट काढताना एक गोष्ट मनापासून सांगतो, ती कधीही पेचकसाने उचकटू नका. स्क्रू काढले की ग्रिपच्या फ्रेमवर लाकडी मुठीने हलके टोले द्यायचे, प्लेट थरथरत आपणहून वर येते. उचकटलेल्या प्लेटची कड वाकली की ती रेघ आयुष्यभर दिसते आणि फॅक्टरीत ती प्लेट त्याच फ्रेमला फिट केलेली असते, दुसरी आणून बसवता येत नाही. स्क्रू ड्रायव्हरही गनस्मिथवालाच घ्या, ज्याची पाती समांतर घासलेली असते, घरातला निमुळत्या पात्याचा वापरला की स्क्रूची खाच फाटलीच.

उघडलं तर आत तेल वाळून चक्क काकवीसारखं झालेलं, तपकिरी, चिकट, हँडच्या खाचेत आणि रिबाउंड स्लाइडच्या खाली थर. बिचारं कुणी उघडलंच नव्हतं इतकी वर्षं. सगळे पार्ट सॉल्व्हंटमध्ये भिजवले, टूथब्रशने घासले, पुसले, एकेक थेंब पातळ तेल लावून परत बसवलं आणि गेजवर 11½. नुसत्या साफसफाईने पाउणएक पाउंड गेलं. कितीतरी लोकांना खरं तर एवढंच हवं असतं.

मग स्टोन. मी दोन वापरतो, एक नॉर्टनचा बारीक इंडिया स्टोन आणि एक हार्ड अर्कान्सास. नाव इंडिया पण कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची, आणि स्मिथ अँड वेसनचं मुख्यालयही 2023 पर्यंत त्याच राज्यातल्या स्प्रिंगफील्डला, मला हे फार छान वाटतं, दगड आणि लोखंड एकाच गावकुसातले. पहिला पार्ट रिबाउंड स्लाइड. त्याच्या तळाला काळ्या मार्करने रंग दिला, स्टोन टेबलावर सपाट ठेवला, दोन थेंब तेल, आणि स्लाइड त्यावर सरळ रेषेत चार वेळा फिरवला, दाब नाही, नुसतं बोटाचं वजन. उचलून दिव्याखाली धरला तर मागच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा चकचकीत ठिपका आणि पुढच्या कडेला एक केसासारखी रेघ, बाकी सगळा काळा तसाच. म्हणजे इतकी वर्षं हा ठोकळा त्या एका कोपऱ्यावर आणि कडेच्या बरवर (धातूच्या उरलेल्या बारीक धारेवर) चालत होता! आप्पा सरफेस प्लेटवर निळं लावून हेच करायचे, मी लहान असताना टूलरूमला डबा घेऊन गेलो की बघायचो, प्लेटवर निळं, त्यावर जॉब फिरवायचा, जिथे निळं लागलं ते उंच, तेवढंच स्क्रेपरने काढायचं, परत निळं. तासन् तास. मला तेव्हा कळायचं नाही की एवढं काय घासतात. तर मी परत मार्कर, परत चार फेऱ्या, असं सहा-सात वेळा केलं, कडेचा बर गेला, ठिपका पसरत पसरत तळाच्या तीन चतुर्थांश भागावर आला आणि तिथे थांबलो. उरलेला काळा भाग खोलगट आहे, तो कशाला लागत नाही, त्याला गाठायला अजून मटेरियल काढायची काही गरज नाही. फ्रेमचा तळ, जिथे हा ठोकळा सरकतो, तिथल्या मिलिंगच्या रेघांचे फक्त शेंडे बसवले, रेघा तशाच ठेवल्या, त्यात तेल राहतं.

कुठे हात लावायचा नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. घोड्यावरची सिंगल ॲक्शनची (आधी अंगठ्याने घोडा चढवून झाडायची) खाच आणि चापाचं टोक जे त्यात बसतं, या दोन जागांना मी दगड लावत नाही आणि कुणीही लावू नये. जुने स्मिथचे घोडे आणि चाप केस हार्डन केलेले असतात, वरचा कडक थर अगदी पातळ, काही थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फक्त, तो एकदा घासला गेला की खाली मऊ लोखंड, आणि मऊ लोखंडाची धार झिजत झिजत एक दिवस घोडा चढवलेला असताना आपोआप सुटतो. त्याची एक टेस्ट आहे, रिकामी गन, घोडा चढवायचा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोड्याला मागून चांगला जोर द्यायचा, तो पडता कामा नये. पडला तर त्या दिवशीचं काम तिथेच बंद आणि गन गनस्मिथकडे. 1990 च्या दशकानंतरच्या स्मिथमध्ये घोडा आणि चाप एमआयएमचे येतात, साच्यातून निघालेले, त्यांचा पृष्ठभाग आधीच बऱ्यापैकी नितळ असतो, तिथे तर दगडाचं कामच कमी. आणि रिबाउंड स्लाइडच्या वरच्या उंचवट्यावर, जिथे चाप पुढे आल्यावर घोडा टेकून राहतो, तिथेही दगड नाही, ती सेफ्टी आहे.

सेफ्टीवरून हॅमर ब्लॉक. साइडप्लेटच्या आत एक पातळ पट्टी असते, चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती घोडा आणि फ्रेमच्या मध्ये उभी राहते. काही जण ॲक्शन अजून सुळसुळीत व्हावी म्हणून ती काढून टाकतात आणि हे बघून मला खरंच राग येतो. 1944 मध्ये अमेरिकन नेव्हीच्या एका जहाजावर स्मिथचं व्हिक्टरी मॉडेल रिव्हॉल्व्हर स्टीलच्या डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर कंपनीने घाईने हा आत्ताचा हॅमर ब्लॉक आणला. ती पट्टी कुणाच्या तरी जिवाने आलेली आहे. तिचं घर्षण गेजवर दिसतसुद्धा नाही. तिची खाच साफ करा, कडेचा बर काढा, तेल लावा आणि परत बसवा.

पुढे घोड्याच्या उजव्या बाजूला चंद्रकोरीसारखा घासल्याचा डाग होता, म्हणजे घोडा फ्रेमला टेकत चालत होता. तिथे दगड नाही लावला, पिनवर दोन थाऊची शिम (पातळ चकती) घातली, घोडा मधोमध आला. हँडच्या बाजूचा बर, सिअरच्या बिजागरीतली घाण, चापाच्या पुढच्या खाचखळग्यांच्या तीक्ष्ण कडा, हे सगळं एका संध्याकाळचं काम. चापाच्या कडा गोल केल्या की बोट ओढताना त्यावर सरकतं, ते फार सुखाचं असतं, शंभर गोळ्यांनंतर बोटाची कातडी जात नाही. एवढं झाल्यावर 10¾.

आणि मग शेवटी स्प्रिंग. मेनस्प्रिंग मी फॅक्टरीचीच ठेवली, स्ट्रेन स्क्रू पूर्ण घट्ट. रिबाउंडला मूळची साधारण 18 पाउंडाची असते, वुल्फ कंपनीच्या 11 पासून 18 पर्यंत मिळतात, मी 15 ची घातली. ती आत बसवताना हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून काम करा, सुटली तर डोळ्यात जाते, चष्मा तर पाहिजेच. 14 ची पण करून बघितली, गेजवर अजून कमी, पण चाप परत येताना मरगळलेला वाटला. जलद झाडायचं असेल तर चाप किती हलका ओढला जातो याच्याइतकंच तो किती झटक्यात परत येतो हे बघावं लागतं. अमेरिकन नेमबाज एड मॅकगिव्हर्नने 1932 मध्ये डबल ॲक्शनने 5 गोळ्या 0.45 सेकंदात मारल्या, आणि तिथल्याच जेरी मिक्युलेकने 1999 मध्ये सहा गोळ्या, रीलोड, परत सहा गोळ्या, सगळं 2.99 सेकंदात. त्या तीन सेकंदांत चाप किती वेळा पुढे आलाय ते मोजा म्हणजे रिबाउंड स्प्रिंग काय चीज आहे ते कळेल.

15 च्या स्प्रिंगने 9½ आला. आकडा ऐकून मॅचवाले मित्र म्हणतील एवढाच? पण ज्याने ज्याने ओढून बघितला त्याने 8 च्या खालीच सांगितला, कारण पायरी नाही, खरखर नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, लोण्यात सुरी जावी तसा. बोटाला वजन कळत नाही हो, बोटाला कळतो तो अडथळा.

जोडल्यावर टायमिंग तपासलं. सिलिंडरला एका बोटाने हलकासा अटकाव करत घोडा अगदी सावकाश चढवायचा, घोडा सुटायच्या आधी स्टॉप खाचेत बसल्याचा टक आवाज यायला हवा, सहाही घरांना. पाच बरोबर, एकाला जरा उशीर, पण आधी बसतो. स्नॅप कॅप (नकली काडतुसं) घालून रोज टीव्ही नाही, काही नाही, भिंतीकडे तोंड करून दीडशे-दोनशे वेळा ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढणं, करतोय आठवडाभर. जुनी मंडळी म्हणतात की हजार-दोन हजार ड्राय फायर हाच अर्धा ॲक्शन जॉब, पार्ट एकमेकांना ओळखतात, आणि माझा अनुभव तोच आहे. ज्याला आत उघडायची भीती वाटते त्याने तेवढंच करावं. रिमफायरची (जिच्या काडतुसाच्या कडेवर पिन मारते ती) मात्र रिकामी झाडू नका, पिन घराच्या कडेवर आदळते.

आज रेंजवर 150 गोळ्या. मुद्दाम तीन प्रकारचे प्रायमर नेले होते, फेडरल, जे सगळ्यात मऊ म्हणून सगळे मॅचवाले वापरतात, आणि दोन कडक. 150 पैकी 150 उडाल्या. शेवटच्या सहा 15 यार्डांवर डबल ॲक्शनने, घाई न करता, आणि त्या सहा तळहातात मावतील एवढ्या जागेत. मग घरी येऊन आप्पांना फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेदहा, ते जागेच होते. गन रिकामी करून, दाखवून, फोन टेबलावर उभा केला आणि स्नॅप कॅपवर दोनदा सावकाश चाप ओढला. ते म्हणाले, "परत एकदा." परत ओढला. "आवाज सारखा येतोय आता. त्यो एक घर उशिरा बसतंय म्हणालास, त्येचं बघ."

ते बघायचं आहेच. सिलिंडरला पुढे-मागे चार थाऊचा प्ले (ढिलेपणा) मोजलाय, त्याच्या दोन शिम ऑर्डर केल्यात, बुधवारी येतील असं दिसतंय.